रघूचा जोळ

अमावास्येच्या उधाणानं बांध फोडला तेव्हा नीराबाई चुलीपुढं भाकऱ्या थापत बसली होती. कुणी सांगायला यायच्या आधीच तिला कळलं. तिनं हात थांबवला, मान वाकडी करून ऐकलं आणि सुनेला म्हणाली, "पाणी कसं वाजतंय ऐक. हे उघाडीचं न्हाय. खांड गेली."

प्रणालीला काही वेगळं ऐकू आलं नाही. ती म्हसळ्याकडची, डोंगरउतारावर भात लावणाऱ्यांची पोर. लग्न होऊन वेळखारला आली त्याला चार वर्षं झाली, तरी खाडीचं पाणी तिला अजून भरतीला आणि ओहोटीला एकाच सुरात बोलल्यासारखं वाटे. पण सासूनं तवा खाली उतरवला, तेव्हा तिनंही पदर खोचला.

वेळखार रेवसच्या अलीकडं, खाडीच्या अगदी कुशीत. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला भाताची शेतं आणि मधे माणसाच्या छातीएवढा उंच चिखलाचा बांध. त्यात एक उघाडी, म्हणजे शेतातलं पाणी ओहोटीला खाडीत सोडायचं दार. भरतीला खाडीचं पाणी शेतापेक्षा वर असतं. बांध आहे म्हणून भात आहे. एक उधाण आत बसलं की तीन वर्षं जमीन खारट. पुन्हापुन्हा बसलं की तिवरं उगवतात, आणि तिवर उगवलं की ती जमीन खाडीची झाली. म्हणून ज्याचं बांधाआड शेत, त्यानं शेताच्या मानानं बांधाचा ठरलेला भाग सांभाळायचा, अशी गावाची रीत. त्या भागालाही जोळ म्हणतात आणि तो सांभाळायला घालावे लागतात त्या कष्टांनाही जोळच. आजोबाचा जोळ बापाकडं येतो, बापाचा मुलाकडं. शेत वाटलं तर जोळही वाटला जातो.

नीराबाईचं शेत चिंबोरीचा तुकडा. पाऊस लागला की बांधाच्या पोटाला चिंबोऱ्या बिळं करतात, म्हणून हे नाव. खांड गेली होती, म्हणजे बांधाला भगदाड पडलं होतं, ते तिच्याच जोळात, चार हात रुंद. ओहोटी लागली होती, पण आत शिरलेलं पाणी पुढच्या तीन शेतांत पसरलं होतं आणि नुकती रुजलेली रोपं माना टाकून उभी होती.

"आई, आपण हात लावायचा का?" प्रणालीनं विचारलं. तिची नजर शेतातल्या फळ्यावर होती.

तो फळा वैशाखात लागला होता. 'सदर मिळकत न्यायप्रविष्ट असून हितेश यांच्या मालकीची आहे. आत येऊ नये.' हितेशच्या पणज्यानं इंग्रजी अमदानीत अलिबागच्या कोर्टात रघूवर, म्हणजे नीराबाईच्या आजेसासऱ्यावर, दावा लावला होता. बैल मेला म्हणून रघूनं उचल घेतली होती आणि ती फिटली नव्हती. कोर्टानं तुकडा शेटाला दिला. आता पुलाच्या आणि रस्त्याच्या बातम्या आल्या, तसा हितेश मुंबईहून तो नव्वद वर्षांचा हुकूम घेऊन उगवला. त्याचं म्हणणं एवढंच, की जमीन आमची, तुमचे लोक आमचे राखणदार.

राखणदार. नीराबाईनं त्या तुकड्यात बाळंतपणाच्या आदल्या दिवसापर्यंत लावणी केली होती. नवरा गेल्यावर तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी ती तिथं उभी होती. आणि आता राखणदार.

"फावडं आण," ती म्हणाली.

ओहोटीला चार तासांचा अवसर असतो. त्यात खुंट ठोकायचे, खुंटांत फांद्या आणि पेंढा विणायचा आणि खाडीच्या तळाचा चिकट चिखल कापून हातोहात गोळे देत खड्डा भरायचा. शेजारची वेणूबाई धावत आली. तिचं शेतही पाण्यात होतं. पण दुसऱ्याच्या जोळात विचारल्याशिवाय उतरायचं नसतं, म्हणून ती खांडीपासून चार पावलांवर थांबली.

"नीरा, मना येऊन दे काय?"

"जोळ कुणाचा?"

"तुझा गं."

"मग बाहेरून बोल. पान खा नि मना शिव्या दे, तेवढं काम करून घे."

वेणूबाईनं खरंच पान काढलं. नीराबाई गुडघ्याएवढ्या चिखलात उतरली. प्रणाली मांडीपर्यंत गेली आणि तिथंच रुतली. एक पाय उपसावा तर दुसरा आत जाई.

"टाच उचलू नको, बोटं आधी सोडव," सासू म्हणाली. "चिखल ओढला तर ओढतो. त्याला फसव."

दुसऱ्या तासाला प्रणालीच्या बोटांच्या पेरांना चिरा पडल्या आणि त्यांत खारं पाणी गेलं. तिनं ओठ चावले, पण गोळा खाली पडू दिला नाही. निम्मी खांड भरली तेव्हा बांधावर पांढरी गाडी येऊन थांबली. हितेश उतरला, मागून एक हवालदार. बुटांना चिखल लागू नये म्हणून हितेश गाडीला टेकून उभा राहिला.

"आजी, बाहेर या. कोर्टाचा 'जैसे थे'चा हुकूम आहे. इथं कुणी काही करायचं नाही."

नीराबाईनं हातातला गोळा खांडीत बसवला, थोपटला, मग वळली.

"हवालदारसाहेब, जैसे थे म्हंजे काय?"

"म्हणजे आजी, जे जसं होतं तसंच ठेवायचं."

"हुकूम कधीचा?"

"वैशाखातला."

"वैशाखात हितं काय होतं? बांध होता न? मग जसा होता तसा करतंय. खांड तुमच्या हुकमात कुठं लिवलीय दाखवा, मी आत्ता बाहेर येतंय."

वेणूबाईला हसताना ठसका लागला. हवालदारानं टोपी काढली, डोकं खाजवलं आणि हितेशकडं बघत म्हणाला, "साहेब, बाई बरोबर बोलतेय."

"तुमच्यावर कोर्टाची बेअदबी लागेल," हितेश म्हणाला.

"लागू द्या. भरती त्याच्या आधी लागंल."

खांड भरली तेव्हा भरतीचं पाणी बांधाच्या पायाशी चाटत होतं. प्रणालीला बाहेर काढायला दोघी लागल्या. घरी जाऊन ती अंगणातच आडवी झाली. चिखल वाळून तिच्या पायांना तडे पडले होते, आणि नीराबाई स्वतःचे पाय न धुता तिचे पाय धूत बसली. असं तिनं आजवर कुणाचंच केलं नव्हतं.

रविवारी नीराबाईचा मुलगा गणराज आला. तो बंदरावर ट्रेलर चालवतो. चार दिवस घरी, बाकी रस्त्यावर. ताटावर बसल्या बसल्या त्यानं विषय काढला.

"आये, हितेशभाई भेटला व्हता. तो बोलतो, भांडण मिटव. गावाबाहेर एक जागा देतो घर बांधायला. राखण केल्याचा मान म्हणून."

"राखण?"

"शब्दाला काय घेऊन बसतेस? कोर्टात त्याचा इंग्रजांच्या वेळचा कागद हाय. आपल्याकडं काय हाय?"

नीराबाईनं त्याच्या ताटात आमटी वाढली. "तुझा जोळ कुठून कुठपर्यंत हाय, सांग."

गणराज जेवता जेवता थांबला. "त्या दगडापासून... त्या हिकडच्या..."

"कोणत्या दगडापासून?"

त्यानं भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला. प्रणालीनं मान खाली घातली, पण तिचे खांदे हलत होते. त्याला कळलं, बायको हसतेय. भाकरी अर्धी टाकून तो उठला.

"चिंबोरी पकडायला गेलो तर डोळे झाकून सापडंल मना तो दगड," दारातून तो म्हणाला.

"चिंबोरी तुला पकडायची, बाबा," नीराबाई म्हणाली.

अलिबागला त्यांची वकीलबाई होती अमिषा. तरुण, चष्म्याची, बोलताना पेन टेबलावर आपटायची सवय. दिवाळीच्या आधी तिनं दोघी सासूसुनांना बोलावून घेतलं. जुना हुकूम मोडी लिपीत होता. हितेशच्या वकिलानं तो पुण्याच्या एका जाणकाराकडून बाळबोधीत उतरवून कोर्टात दिला होता, त्याची प्रत आली होती.

"वाचून दाखवते. तुम्हाला माहीत असावं म्हणून," ती म्हणाली. आवाजात उमेद नव्हती. "हा तडजोडीचा हुकूमनामा आहे. दोन्ही बाजूंनी कोर्टापुढं तडजोड केली, आणि मुन्सफानं ती मान्य केली. ऐका. 'तुकडा चिंबोरीचा धनकोचे ताब्यात द्यावा. सालोसाल जोड धनकोने घालावा. लागोपाठ दोन साले जोड न घातल्यास व रिणकोने घातल्यास तुकडा रिणकोकडे फिरावा, मागील रकमेची तक्रार धनकोने करू नये.' धनको म्हणजे शेट, रिणको म्हणजे रघू. मग सह्या, अंगठा."

"पुन्हा वाच," नीराबाई म्हणाली.

"कुठलं?"

"ते घालायचं."

"'सालोसाल जोड धनकोने घालावा.' जोड म्हणजे भर. काहीतरी वरची रक्कम घालायची असणार. त्यांचे वकील म्हणतात, शेट दरसाल सरकारात सारा भरत होते, त्याला जोड म्हटलंय. पावत्याही लावल्यात त्यांनी."

नीराबाई खुर्चीच्या कडेवर बसली होती. ती आता पाठ टेकून बसली. तिनं हसायला सुरुवात केली आणि तिला थांबेना. प्रणालीनं घाबरून तिच्या पाठीवर हात ठेवला.

"अगो बाई, जोड न्हाय गो. जोळ! जोळ घालतात. जोड कोण घालतं? बैलाची जोड असती. जोळ घालायचा असतो."

"जोळ म्हणजे?"

यावर दोघी एकदम बोलू लागल्या. प्रणाली चिखलाच्या गोळ्यांचं सांगत होती आणि नीराबाई आजेसासऱ्याचं. वकीलबाईनं पेन आपटायचं थांबवलं. तिनं प्रत डोळ्यांजवळ नेली.

"घालावा," ती हळूच म्हणाली. "जोड तर घालावी असायला हवं. मी वाचताना अडखळले होते. मला वाटलं, कारकुनाची चूक." तिनं वर पाहिलं. "ह्या माणसानं 'तडजोड' हा शब्द ह्याच कागदात चार वेळा उतरवलाय. पाचव्या वेळी ळ बघून हातानं ड लिहिला. नीराबाई, शेटाच्या माणसांनी जोळ घातला होता का?"

"पहिल्या साली त्याची चार माणसं आली व्हती, असं माझी सासू सोनूबाई सांगायची. चिखल बघून त्यातली दोन पळाली. दुसऱ्या नि तिसऱ्या साली कुणी आलं न्हाय. खांड गेली तवा रघू एकटा उतरला. गावानं पंच बसवून सांगितलं, आता तुकडा तुझा. म्हणून तर त्या बांधाला रघूचा जोळ म्हणतात."

"हे कुठं लिहिलेलं आहे?"

"बांधावर."

वकीलबाईनं मूळ कागदाचा मोठा फोटो मागवला, मोडीचे आणखी दोन जाणकार गाठले आणि कोर्टाला अर्ज दिला, की जागेवर येऊन बघा. पुण्याच्या जाणकारानंही नवा फोटो बघून ळ असल्याचं लिहून दिलं, आणि खाली कबूल केलं की जोळ हा शब्द आपण आजवर ऐकलाच नव्हता.

कोर्टानं नेमलेले कमिशनर माघात आले. पंचावन्नचे, पोट सुटलेले, डोक्यावर रुमाल बांधलेले वकील. सोबत कारकून, भूमापनाचा माणूस आणि त्याच्या काखेत गुंडाळलेला जुना नकाशा. बांधावर सगळं गाव उभं होतं. हितेश आणि त्याचे वकीलही होते. गणराजनंही त्या दिवशी गाडी काढली नव्हती. तो गर्दीत मागं उभा होता.

कमिशनर म्हणाले, "नकाशा मी नंतर उघडीन. आधी दोन्ही बाजूंनी आपापला जोळ दाखवायचा. वादी आधी."

हितेशनं वकिलाकडं पाहिलं. वकिलानं त्याला म्हटलं, दाखवा. हितेश बांधावरून चालू लागला. दगड लावून बांधलेला भाग दिसला, पक्का, चार-पाच खांब असलेला. तिथं तो थांबला.

"हा. इथपासून तिथपर्यंत. आमच्या आजोबांनी पक्का करून घेतला."

गर्दीत आधी एकजण हसला, मग सगळे. वेणूबाई ओरडली, "अरे शेट, ती उघाडी हाय! ती सरकारनं बांधली. ती तुझी असंल तर माझ्या शेतातलं पाणी आत्ताच्या आत्ता सोड!"

कमिशनरांनी हात वर केला, पण त्यांनाही ओठ आवळावे लागले. कारकून लिहीत होता. "बाई, आता तुम्ही."

नीराबाई चप्पल काढून बांधावर चढली. वय बहात्तर, गुडघ्यात वात. पण बांधावर ती वाकून चालत नव्हती. भुईकडं न बघता ती पन्नासेक पावलं गेली आणि थांबली.

"हितून सुरू. खाली दगड हाय, दीड हातावर. आणि बेचाळीस हात मोजलात की दुसरा दगड. तो पुरा पुरलेला हाय, वर कुणाला दिसत न्हाय."

"बेचाळीस कशावरून?"

"माझी सासू बेचाळीस सांगायची. मी मोजलं तर एक्केचाळीस भरलं. ती बोलली, तुझा हात लांब हाय, मोजायला रघूचा हात पायजे."

भूमापनाच्या माणसानं कुदळ मारली. पहिल्या दगडाला कुदळीची धार लागली. दुसरीकडं त्यानं टेपनं अंदाजे अंतर धरून खणलं, तिथं काही लागेना. हितेशचे वकील म्हणाले, "बघा." नीराबाई खाली बसली, उजवा हात कोपरापासून चिखलावर ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. बांधाच्या माथ्यावरून ती बसत सरकत मोजत गेली. गुडघ्यांशी पातळाला चिखल लागला. प्रणाली तिच्या शेजारून चालत आकडा मोठ्यानं म्हणत होती. गाव पुढं सरकलं होतं. अडतीस, एकोणचाळीस, चाळीस, एक्केचाळीस. नीराबाई थांबली आणि बोटानं जागा दाखवली.

"हितं मार."

भूमापनवाला ज्या जागी खणत होता तिथून ती दोन हात पुढं होती. कुदळीचा दुसरा घाव दगडावर बसला.

कमिशनरांनी नकाशा मागितला. स्वातंत्र्यानंतर लगेच सरकारनं बांधाची मोजणी केली होती, तेव्हाचा तो. ते वाकून वाचू लागले. नंतर त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं, या वेळी सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"'रघूचा जोळ, हात बेचाळीस.'"

गाव एकदम बोलायला लागलं. कुणीतरी शिट्टी मारली. गर्दी रेटून गणराज पुढं आला, आईच्या पायाशी बसला आणि तिचे चिखलानं भरलेले गुडघे आपल्या रुमालानं पुसू लागला.

"राहू दे," ती म्हणाली. "रुमाल घाण होईल."

दावा त्यानंतरही वर्षभर चालला. नीराबाईला पिंजऱ्यात उभं केलं. हितेशच्या वकिलानं विचारलं, "बाई, तुम्ही शाळा किती शिकलात?"

"शाळेच्या दारातून गेले न्हाय."

"मग मोडी कागदातला शब्द चुकला, हे तुम्ही कशावरून ठरवलंत? तुम्हाला मोडी वाचता येते?"

"मी कुठं वाचलं? वाचणाऱ्यानं चुकीचं वाचलं, मी फक्त ऐकलं. तुमच्या शेतात कोण म्हणालं, नांगर लाव ऐवजी नागर लाव, तर तुम्हाला कळंल न?"

न्यायाधीशांनी खाली बघून काहीतरी लिहिलं. लिहिताना त्यांच्या कपाळावरची आठी गेली होती, ते वेणूबाईनं पाहिलं आणि महिनाभर गावाला सांगितलं.

निकालाच्या दिवशी गावातली वीसेक माणसं अलिबागला आली होती. न्यायाधीश मराठीतून बोलले, सावकाश. वादीच्या पूर्वजानं तडजोडीची अट मोडली. जोळ घातला नाही. रघूनं घातला. तडजोडीच्या अटीनुसार तुकडा तेव्हाच रघूकडं फिरला. ताबा राखणदाराचा नव्हे, मालकाचा. दावा फेटाळला, प्रतिदावा मंजूर, वादीनं खर्च द्यावा.

"राखणदाराचा नव्हे," एवढं ऐकून नीराबाईनं डोळे मिटले. प्रणालीनं तिचा दंड पकडला. वकीलबाई मागं वळली. तिनं नुसतं पेन टेबलावर आपटलं.

बाहेर कोर्टाच्या पायऱ्यांवर हितेश आला. चेहरा पडलेला, पण बोलणं व्यवहाराचं. "आजी, जे झालं ते झालं. आता विकायचं असेल तर मला आधी सांगा."

"बस, शेट. चहा पी," नीराबाई म्हणाली आणि खरंच त्याच्यासाठी चहा मागवला. "पण विकण्याचं बोलू नको. चहा कडू लागतो." त्यानं चहा घेतला, दोन घोट प्याला आणि कप तसाच ठेवून गेला.

सातबारावर नाव लावायला चौघं तलाठ्याकडं गेली. नीराबाई, प्रणाली, इस्त्रीचा शर्ट घातलेला गणराज आणि कारण नसताना वेणूबाई.

तलाठी निकालाची प्रत उलटत म्हणाला, "तुमचे मालक वारले, म्हणजे वारस म्हणून तुमचं नाव, आणि गणराजचं. बरोबर?"

गणराजनं केसांवरून हात फिरवला. "बरोबर, साहेब."

"कायद्यानं लागतं तेवढं लागू दे," नीराबाई म्हणाली. "आणि माझ्या अर्ध्या वाट्यापुढं प्रणालीचं नाव लाव."

तलाठी थांबला. "सून आहे ना ती? वारसांत येत नाही."

"येत न्हाय ते मना ठाऊक हाय. खांड भरताना तिची बोटं फाटली, तवाही कुणाच्या कागदात ती येत नव्हती."

"आये," गणराज म्हणाला, "माझं नाव हायच की. तिचं कशाला वेगळं? मी तिचा न्हाय काय?"

"तू ट्रेलरचा हायस, राजा. दोन उधाणं चिखलात उभा रहा, मग माझा उरलेला वाटा तुझाच."

वेणूबाई भिंतीला तोंड करून हसत होती. गणराज लाजला, रागावला, शेवटी तोही हसला. "ठीक हाय. एका अटीवर. हिनं मना शिकवायचं."

प्रणालीनं पहिल्यांदाच सगळ्यांसमोर नवऱ्याला उत्तर दिलं. "टाच उचलायची नाही. एवढं आधी पाठ करा."

"बाई, सुनेला वाटा द्यायचा तर बक्षीसपत्र करावं लागेल," तलाठी समजुतीच्या सुरात म्हणाला. "वकील, मुद्रांक, रजिस्टर. पुन्हा कागदपत्रांचा घोळ. विचार करा."

नीराबाईनं बाकावर पदर सावरला आणि नीट बसली.

"काढ कागद," ती म्हणाली. "मी आता कागदाला भीत न्हाय."